घरचा सोडा: पाणी गार, वायू मोजून

सोडा घरी करावा की बाटली विकत आणावी, हा प्रश्न बहुतेक जण यंत्राची आणि बाटलीची किंमत शेजारी शेजारी मांडून सोडवतात. मला हा हिशोब अपुरा वाटतो. घरच्या सोड्याचा खर्च मुख्यतः वायूचा असतो, आणि त्यातला किती वायू पाण्यात उतरेल व किती नुसताच हवेत उडून जाईल, हे पाण्याच्या गारव्यावर आणि करणाऱ्याच्या हातावर ठरते. म्हणून आधी कृती समजून घ्यावी आणि निर्णय त्यानंतर करावा.

सोडा म्हणजे कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी. नेहमीच्या हवेच्या दाबाला शून्य अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात हा वायू सुमारे ३.३ ग्रॅम विरघळतो, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे पाणी कोमट झाले की त्याची वायू धरून ठेवण्याची ताकद निम्म्याहूनही खाली येते. झणझणीत सोड्यात लिटरमागे साधारण ६ ते ८ ग्रॅम वायू असतो, त्यामुळे गारव्याच्या जोडीला दाबही द्यावा लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे वायू आणि पाणी यांचा जास्तीत जास्त स्पर्श. जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे बिअर आंबवण्याच्या पिंपांवर साचणाऱ्या वायूत पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून ते फेसाळ केले होते आणि १७७२ मध्ये त्याची रीत छापून प्रसिद्ध केली. त्या ओतण्यामागे हाच स्पर्श वाढवण्याचा हेतू होता, आणि आजच्या यंत्रातील नळी वायूचे बारीक बुडबुडे पाण्यात सोडते तीही याचसाठी.

प्रत्यक्ष कृती अशी. यंत्राच्या बाटलीत खुणेच्या रेषेपर्यंत पिण्याचे साधे पाणी भरून ती फ्रीजमध्ये रात्रभर ठेवावी. बर्फाचे खडे टाकून घाईने गार करू नये, कारण खड्यांच्या खडबडीत कडांवर बुडबुडे धरतात आणि आत गेलेला वायू लगेच बाहेर पडू लागतो. बाटली यंत्राला घट्ट बसवून बटण एकदाच लांब दाबून धरण्याऐवजी एकेका सेकंदाचे तीन-चार दाब द्यावेत आणि प्रत्येक दाबानंतर काही सेकंद थांबावे. या थांबण्यातच वायू विरघळतो. घाई केली तर तो झडपेतून सुस्कारा टाकत निघून जातो आणि आपण तो आवाज म्हणजे सोडा तयार झाल्याची खूण समजतो. नंतर दाब हळूहळू सोडून बाटली काढावी, झाकण लगेच घट्ट लावावे आणि प्यायच्या आधी ती पंधरा-वीस मिनिटे पुन्हा फ्रीजमध्ये ठेवावी. एवढ्या विश्रांतीने बुडबुडे बारीक आणि टिकाऊ होतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

यंत्रात फक्त साधे पाणीच घालावे, हा नियम मी एकदा मोडला होता. सरबत आधीच मिसळून वायू सोडला, तेव्हा साखरेच्या पाण्याचा फेस क्षणार्धात बाटलीच्या तोंडाबाहेर आला, नळीत चढला आणि ओटाभर चिकट पसरला. नळीच्या टोकाचे बारीक छिद्र गरम पाण्याने धुऊन मोकळे करण्यात त्यानंतरचा अर्धा तास गेला. स्वाद द्यायचा असेल तो सोडा तयार झाल्यावर, पेला तिरका धरून, हळूच घालावा. खनिज पाण्याची किंचित खारी चव आवडत असेल, तर चिमूटभर खाण्याचा सोडा चमचाभर गार पाण्यात विरघळवून शेवटी मिसळावा.

हाच खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड थेट पाण्यात टाकून फेस आणण्याचा सल्ला मात्र मानू नये. लिटरभर पाण्यासाठी ७ ग्रॅम वायू मिळवायचा तर सुमारे १३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो आणि त्यातले साडेतीन ग्रॅमहून अधिक सोडियम पाण्यातच राहते. चव बिघडते, आणि ज्यांना मीठ कमी खायला सांगितलेले असते त्यांच्यासाठी ते घातक आहे. बंद बाटलीत कोरडा बर्फ, म्हणजे गोठवून घनरूप केलेला कार्बन डायऑक्साइड, घालण्याचा प्रयोग तर कधीही करू नये; बाटली फुटून गंभीर इजा होते.

आता हिशोब. यंत्राच्या नेहमीच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४०० ग्रॅम वायू असतो आणि त्यात ६० लिटरपर्यंत सोडा होईल असे सांगितले जाते, म्हणजे लिटरमागे ७ ग्रॅमही पडत नाही. घरी तेवढे क्वचितच साधते. आपले प्रमाण पाहायचे असेल तर सिलिंडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन लिहून ठेवावे आणि दहा लिटर झाल्यावर पुन्हा तोलावे. वजन १०० ग्रॅमने घटले तर लिटरमागे १० ग्रॅम गेले, आणि तेवढ्यावरून एका सिलिंडरमध्ये आपल्याला चाळीसच लिटर मिळणार हे कळते. रिकामे सिलिंडर भरून घेण्याच्या खर्चाला या आकड्याने भागले की आपल्या लिटरचा खरा भाव निघतो, आणि विकतच्या बाटलीशी तुलना करायची ती याच भावाची.

रोज लिटरभर सोडा पिणाऱ्या घरात यंत्र उपयोगी ठरते, मुख्यतः बाटल्या वाहून आणण्याचा आणि रिकाम्या साठण्याचा त्रास वाचतो म्हणून. महिन्यातून दोन-चार वेळाच लागत असेल, किंवा एखाद्या विशिष्ट झऱ्याच्या पाण्याची चवच हवी असेल, तर विकत घेणेच योग्य. घेताना शक्यतो काचेची बाटली किंवा कॅन घ्यावा. प्लास्टिकच्या भिंतीतून वायू हळूहळू झिरपतो, आणि लहान बाटलीत पाण्याच्या मानाने भिंत जास्त असल्याने ती लवकर मंद पडते. म्हणून भरल्याची तारीख पाहावी.

सिलिंडर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. आतला द्रवरूप वायू २० अंशांनाच हवेच्या सत्तावन्नपट दाबावर असतो, आणि उष्णतेने हा दाब झपाट्याने चढतो. यंत्राच्या प्लास्टिक बाटलीवर वापराची अंतिम मुदत छापलेली असते. ती उलटली, किंवा बाटलीला तडा अथवा खोल ओरखडा दिसला, तर ती बाटली त्याच दिवशी बाजूला काढावी.