फिल्म प्रोजेक्टरच्या ऑटोमेशनमधला विजेचा बिघाड कसा शोधायचा

स्टार्टचं बटण दाबलं की मोटर वेग घेते, दिवा पेटतो, डाउजर (प्रकाश अडवणारी झडप) उघडतो, आवाज सुरू होतो, हॉलमधले दिवे मंदावतात. ३५ मिमी फिल्मच्या प्रोजेक्शन रूममध्ये ही कामं ऑटोमेशन ओळीने उरकतं. त्यातलं एखादं अडलं की पहिला संशय कंट्रोल कार्डावर जातो. माझं म्हणणं उलटं आहे: कार्डाला सगळ्यात शेवटी हात लावा. सेन्सर, मायक्रोस्विच, कनेक्टर, रिले (विजेने चालणारा स्विच) हे हलणारे, तापणारे, धूळ खाणारे भाग. बिघाड बहुधा तिथेच सापडतो.

पॅनल उघडण्याआधी

झेनॉन दिव्यात तो थंड असतानाही वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो, त्यामुळे फेस शील्ड आणि हातमोज्यांशिवाय लॅम्पहाउस (दिव्याची पेटी) उघडायचं नाही. इग्निटरचा (दिवा पेटवणाऱ्या भागाचा) झटका दहा हजार व्होल्टच्याही वर जातो आणि रेक्टिफायरचे (एसीचा डीसी करणाऱ्या भागाचे) कपॅसिटर मेन बंद केल्यावरही काही काळ भरलेले राहतात. मेन बंद करून तिथे कुलूप लावा. मीटर आधी चालू लाइनवर, मग बंद सर्किटवर, मग पुन्हा चालू लाइनवर लावून बघा. मीटरच मेलेला असेल तर ‘शून्य व्होल्ट’ला काही अर्थ नाही. दिवा आणि मेनच्या बाजूचं काम सराव असलेल्या माणसाचंच. पुढचं बरंचसं काम कंट्रोलच्या कमी व्होल्टेजवर, बहुतेक ठिकाणी २४ व्होल्ट डीसीवर आहे.

आधी बिघाडाची बाजू ठरवा

सिस्टम मॅन्युअलवर टाका आणि अडलेलं काम हाताने करून बघा. डाउजर मॅन्युअलवरही उघडत नसेल तर दोष सोलेनॉइडमध्ये (डाउजर ओढणाऱ्या विद्युतचुंबकात) किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. उघडत असेल तर हुकूम तिथपर्यंत पोचत नाहीये. मात्र काही मशीनमध्ये मॅन्युअल स्विच रिलेला वळसा घालून थेट सोलेनॉइडला वीज देतो. तेव्हा मॅन्युअलवर सगळं ठीक चाललं म्हणून रिले निर्दोष ठरत नाही. सर्किटच्या नकाशात हे आधी बघून घ्या.

मग सप्लाय. २४ व्होल्ट नुसते असून भागत नाही, लोड आल्यावर ते टिकायला हवेत. मोटर आणि डाउजर ओढत असताना मोजा. त्याच टर्मिनलवर मीटर एसीवर ठेवूनही बघा; एखादा व्होल्ट दिसला तर फिल्टर कपॅसिटर सुकलेला समजा. लॅम्पहाउसच्या उष्णतेत ते लवकर सुकतात.

क्यू सेन्सर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फिल्मच्या कडेला धातूच्या फॉइलची पट्टी चिकटवलेली असते. हाच ‘क्यू’, म्हणजे इशारा: ती सेन्सरसमोरून गेली की ऑटोमेशन पुढचं काम करतं. सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक फ्रेम १९ मिमी, म्हणजे फिल्म सेकंदाला सुमारे ४५६ मिमी धावते. २५ मिमीची पट्टी सेकंदाच्या जेमतेम विसाव्या भागात निघून जाते. एवढा छोटा पल्स साध्या मीटरवर दिसत नाही, आणि ‘सिग्नलच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून मोटर बंद ठेवा आणि फॉइल लावलेला फिल्मचा तुकडा हाताने सेन्सरसमोर धरा. सेन्सरवरचा एलईडी लागतो का? तीन वायरच्या नेहमीच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरमध्ये तपकिरी वायर प्लस, निळी मायनस आणि काळी सिग्नलची. काळ्या वायरवर पीएनपी प्रकारात फॉइल समोर आल्यावर जवळपास पूर्ण व्होल्टेज येतं, एनपीएनमध्ये ते शून्याकडे उतरतं. बदली सेन्सर घेताना हा प्रकार जुळला नाही तर कोरा सेन्सरही मुकाच राहतो.

एलईडी लागतो पण कार्डाच्या इनपुटवर काहीच नाही, तर मधली वायर किंवा कनेक्टर. एलईडीच लागत नाही, तर अंतर बघा: एक-दोन मिलिमीटरच्या पुढे सरकलं की पकड सुटते. पट्टी फिल्मच्या चुकीच्या कडेला लावलेली असणं हाही नेहमीचा प्रकार, आणि त्याला कुठलंच मीटर पकडत नाही.

फिल्म तुटल्याचा स्विच

प्रोजेक्टर मध्येच विनाकारण थांबत असेल तर फेलसेफ स्विचचा, म्हणजे फिल्म तुटल्याचं ओळखणाऱ्या स्विचचा, हात हलकेच हलवत मीटरवर कंटिन्युइटी (सर्किट जोडलेलं राहतं का) बघा. आकडा थरथरला तर स्विच बदला. तो शॉर्ट करून शो चालवायचा मोह होतो, पण एरवी फिल्म तुटल्यावर हाच स्विच मोटर थांबवतो आणि डाउजर बंद करतो. शॉर्ट केलात तर फिल्मचा ढीग जमिनीवर.

रिले आणि सोलेनॉइड

रिलेचा ‘टक’ आवाज फक्त कॉइल जिवंत असल्याचं सांगतो. लोड चालू असताना मिटलेल्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. ते नगण्य हवं. दोन-तीन व्होल्ट दिसले तर कॉन्टॅक्ट जळलेला आहे. काही सोलेनॉइडना ओढण्याची आणि धरून ठेवण्याची अशा दोन कॉइल असतात. हालचालीच्या टोकाला दाबला जाणारा स्विच (एंड स्विच) अडकला तर ओढणारी कॉइल चालूच राहून जळते. नवीन सोलेनॉइड बसवण्याआधी तो स्विच तपासा, नाहीतर नवा सोलेनॉइडही जळेल.

दिवा पेटताच ऑटोमेशन भरकटतं

दिवा पेटण्याच्या क्षणीच कार्ड रीसेट होतं किंवा एक पायरी उडी मारतं, तर इग्निटरचा झटका सेन्सरच्या वायरीत शिरतोय. दिव्याच्या केबलपासून सिग्नलच्या वायरी लांब करा. शील्डेड केबल वापरून शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि लॅम्पहाउसच्या अर्थिंगचे बोल्ट घासून घट्ट आवळा. कॉइल बंद होतानाचे झटके दाबायला डीसी रिलेच्या कॉइलवर डायोड लावताना त्याची पट्टीची बाजू प्लसकडे ठेवा. एसी कॉन्टॅक्टरवर (मोठ्या लोडच्या रिलेवर) त्यासाठी आरसी स्नबर, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, लागतो.

दुरुस्तीनंतर निकामी फिल्मवर फॉइल लावून, दिवा न पेटवता, सगळा क्रम चालवून बघा. फिल्म धावत असताना फेलसेफचा हात सोडा: मोटर थांबली आणि डाउजर मिटला तरच दिवा पेटवून पुढची चाचणी घ्या.