बोटीवरील बॅटरीत चार्ज किती उरला, हे ठरवताना या चुका टाळा

बॅटरीत किती चार्ज शिल्लक आहे, हे थेट मोजणारे साधन बोटीवर नसते. डिझेलच्या टाकीत काठी बुडवून पातळी पाहता येते. बॅटरीच्या बाबतीत मात्र व्होल्टेज, आम्लाची घनता किंवा आत-बाहेर गेलेल्या विद्युतप्रवाहाचा हिशेब यांपैकी कशावरून तरी अंदाज बांधावा लागतो. बॅटरी मॉनिटरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत दिसणारा टक्क्यांचा आकडा हाही असा अंदाजच असतो. तो चुकला की दोष मॉनिटरला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चूक जोडणीत, भरलेल्या सेटिंगमध्ये किंवा व्होल्टेज चुकीच्या वेळी वाचण्यात असते.

व्होल्टेज वाचण्याची वेळ

पाणी घालाव्या लागणाऱ्या १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे विसावलेल्या अवस्थेतील व्होल्टेज पूर्ण चार्ज असताना सुमारे १२.७, निम्म्या चार्जला सुमारे १२.२ आणि जवळजवळ रिकामी असताना ११.८ ते ११.९ असते. म्हणजे पूर्ण आणि निम्मी यांत जेमतेम अर्ध्या व्होल्टचा फरक असतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना घेतलेले माप सहज दोन-तीन दशांशांनी खाली येते आणि चार्जर नुकताच बंद केला असेल, तर प्लेटांच्या पृष्ठभागावर साठलेल्या चार्जमुळे तेच माप वर जाते. अशा मापाची वरच्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही. लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद ठेवून बॅटरी काही तास विसावू द्यावी, शक्य असेल तर रात्रभर, आणि मग मल्टिमीटरची टोके थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवून वाचन घ्यावे. एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेल्या बंद) बॅटरीचे पूर्ण चार्जचे व्होल्टेज साधारणपणे थोडे वर, १२.८ च्या आसपास असते. त्यामुळे कोष्टक वापरायचे तर ते आपल्या बॅटरीच्या उत्पादकाचेच वापरावे.

स्विच पॅनेलवरील व्होल्टमीटर हा बॅटरीचा नव्हे, पॅनेलचा व्होल्टमीटर असतो, हेही अनेकदा विसरले जाते. बॅटरीपासून पॅनेलपर्यंतच्या तारा, फ्यूज आणि गंजलेले जोड मिळून ०.०२ ओहम एवढाच रोध असला, तरी २० आम्पिअरच्या लोडला ०.४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. १२.५ चे १२.१ दिसते आणि बॅटरी अर्धी संपली असे समजून इंजिन विनाकारण चालवले जाते. मीटरसाठी फ्यूज लावलेली स्वतंत्र बारीक तार थेट बॅटरीपासून आणल्यास ही अडचण दूर होते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीसाठी तर व्होल्टेजवरून टक्के काढण्याचा नाद सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साधारण ३० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात तिचे व्होल्टेज १३.२ च्या आसपासच रेंगाळते, आणि तळाशी आल्यावर ते इतक्या वेगाने कोसळते की इशारा मिळेपर्यंत बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, पुरवठा तोडलेलाही असतो.

शंटला वळसा घालणाऱ्या तारा

सर्वांत जास्त घोटाळे येथे होतात. शंट म्हणजे ऋण बाजूच्या केबलमध्ये बसवलेला अगदी अल्प, पण अचूक रोध. ५०० आम्पिअर, ५० मिलिव्होल्टचा शंट ०.१ मिलिओहमचा असतो. त्यावरील सूक्ष्म व्होल्टेजवरून मॉनिटर प्रवाह मोजतो आणि सेकंदागणिक त्याची बेरीज-वजाबाकी करत राहतो. जो प्रवाह शंटमधून जात नाही, तो मॉनिटरच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो.

म्हणून मोजायच्या बॅटरी-संचाच्या ऋण टोकावरून शंटकडे जाणारी एकच केबल निघाली पाहिजे. बाकी सर्व काही, म्हणजे पॅनेल, इन्व्हर्टर, इंजिनचे ऋण, चार्जर, सोलर कंट्रोलर आणि इंजिनच्या बॅटरीचे ऋण टोक, शंटच्या दुसऱ्या बाजूला किंवा तिथल्या बस-बारवर (अनेक तारा एकत्र जोडण्याच्या धातूच्या पट्टीवर) आले पाहिजे. बसवताना हे बहुधा नीट केलेले असते. बिघडते ते नंतर. कोणीतरी नवे सोलर पॅनेल लावतो आणि कंट्रोलरच्या दोन्ही तारा सरळ बॅटरीवर आवळतो. परिणामी मॉनिटरला फक्त बाहेर जाणारा प्रवाह दिसतो आणि बॅटरी भरलेली असतानाही आकडा रोज घसरत जातो. उलट बिल्ज पंपाचे (बोटीच्या तळाशी साठलेले पाणी उपसणाऱ्या पंपाचे) ऋण थेट बॅटरीवर असेल, तर ४ आम्पिअरचा पंप दिवसभरात एकूण दोन तास चालल्यास रोज ८ आम्पिअर-तास हिशेबाबाहेर जातात. २०० आम्पिअर-तासांच्या संचात पाच दिवसांत ही चूक २० टक्क्यांवर पोहोचते. पंपाची धन तार मुख्य स्विचला डावलून थेट बॅटरीवर असणे योग्यच आहे, कारण बोट बंद असतानाही तो चालला पाहिजे. ऋण तार मात्र शंटपलीकडेच हवी.

तपासणी सोपी आहे. सर्व स्विच बंद केल्यावर मॉनिटरवर शून्य किंवा मॉनिटरच्या स्वतःच्या वापराइतका नगण्य प्रवाह दिसावा. मग एकेक उपकरण चालू करत जावे आणि प्रत्येक वेळी आकडा हलतो का, हे पाहावे. जे उपकरण चालू होऊनही आकडा हलत नाही, त्याची ऋण तार शोधावी. चार्जिंग सुरू असताना प्रवाह उणे चिन्हासह दिसत असेल, तर शंटच उलटा बसलेला आहे.

खोटे १०० टक्के

हिशेबात थोडी थोडी चूक साचत जाते, म्हणून बॅटरी पूर्ण भरल्याची खूण पटली की मॉनिटर आकडा पुन्हा १०० वर आणतो. ही खूण दोन अटींवर ठरते. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या वर असले पाहिजे आणि आत जाणारा प्रवाह क्षमतेच्या ठरावीक टक्क्यांखाली उतरलेला असला पाहिजे, आणि हे दोन्ही काही मिनिटे टिकले पाहिजे. समजा, पातळी १३.२ व्होल्ट आणि प्रवाह ४ टक्के ठेवला आहे. २०० आम्पिअर-तासांच्या संचासाठी ती मर्यादा ८ आम्पिअर होते. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पॅनेल ५ आम्पिअरच देत आहे, व्होल्टेज १३.४ आहे आणि बॅटरी प्रत्यक्षात ७० टक्क्यांवर आहे. दोन्ही अटी पुऱ्या होतात आणि पडदा १०० टक्के दाखवतो! बॅटरी भरल्यामुळे नव्हे, ऊन कमी झाल्यामुळे प्रवाह घटला, हे मॉनिटरला कळण्याचा मार्गच नसतो.

सोलर असलेल्या बोटीवर ही पातळी चार्जरच्या अ‍ॅब्सॉर्प्शन व्होल्टेजच्या (चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात चार्जर स्थिर ठेवतो त्या व्होल्टेजच्या) जरा खाली, म्हणजे १४.४ साठी १४.१ किंवा १४.२ ठेवावी, प्रवाहाची मर्यादा लेड-अ‍ॅसिडसाठी २ टक्क्यांच्या आसपास आणावी आणि वेळ वाढवावी. मात्र चार्जर अ‍ॅब्सॉर्प्शन लवकर आटोपून फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखणाऱ्या कमी व्होल्टेजवर, जात असेल, तर या सेटिंगने १०० टक्के कधीच दिसणार नाहीत. तशा वेळी मॉनिटरची अट सैल न करता आधी चार्जरची वेळ तपासावी, कारण बहुधा बॅटरीच अपुरी भरली जात असते.

मॉनिटरचा वीजपुरवठा मध्येच तुटल्यावरही अनेक मॉनिटर परत चालू होताना १०० टक्क्यांपासून सुरुवात करतात. बॅटरीची केबल काढून पुन्हा लावली असेल, तर पुढचे पूर्ण चार्जिंग होईपर्यंतचा आकडा गृहीत धरू नये.

लेबलवरची क्षमता

मॉनिटरला क्षमता आपण सांगितलेली असते. बॅटरी जुनी झाली, हे त्याला कोणी कळवत नाही. २०० चा संच १४० वर आला असेल आणि सेटिंग २०० च असेल, तर पडदा ३० टक्के दाखवत असताना बॅटरी संपलेली असते. पडद्यावर ६० टक्के असताना विसावलेले व्होल्टेज १२.१ निघाले, तर क्षमतेवर संशय घ्यावा. खात्री करायची तर बॅटरी पूर्ण चार्ज करून विसावू द्यावी, १०० आम्पिअर-तासांमागे ५ आम्पिअरचा स्थिर लोड लावावा आणि १०.५ व्होल्टपर्यंत किती तास लागतात ते मोजावे. २० ऐवजी १४ तास लागले, तर क्षमता ७० टक्के उरली. चाचणी संपताच चार्जिंग सुरू करावे; रिकामी लेड-अ‍ॅसिड बॅटरी तशीच ठेवल्यास प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते.

लेबलवरचा आकडाही बहुधा याच २० तासांच्या दराचा असतो. प्रवाह जितका जास्त ओढावा तितकी लेड-अ‍ॅसिड बॅटरीची हाती येणारी क्षमता घटते. पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडलेल्या या नियमानुसार घातांक १.२५ धरला, तर १०० आम्पिअर-तासांची बॅटरी २० आम्पिअरने साडेतीन तासच पुरते, म्हणजे सुमारे ७० आम्पिअर-तास. लिथियमसाठी हा घातांक १.०५ च्या आसपास आणि चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्क्यांजवळ धरतात. बॅटरी बदलून लिथियम लावली, पण जुनी सेटिंग तशीच राहिली, हा प्रकार वाटतो त्याहून सर्रास घडतो.

एकाच आकड्यामागे लपलेली बॅटरी

मॉनिटर संपूर्ण संचाचे बोलतो. दोन बॅटऱ्या जोडून केलेल्या २४ व्होल्टच्या संचात एक १३.० आणि दुसरी १२.२ असली, तरी बेरीज २५.२ इतकी निर्दोष दिसते. म्हणून प्रत्येक बॅटरी अधूनमधून वेगळी मोजावी. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर याहून पुढचे सांगतो. पूर्ण चार्जला विशिष्ट घनता सुमारे १.२६५ ते १.२८० असते आणि एखाद्या सेलचे माप इतरांपेक्षा ०.०५० ने कमी निघाले, तर तो सेल गेला असे समजावे. डिस्टिल्ड पाणी घातल्यावर लगेच माप घेऊ नये. ते मिसळण्यासाठी आधी चार्जिंग व्हावे लागते. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच.

फ्रिज कमी व्होल्टेजमुळे बंद पडतो, पण मॉनिटर ८० टक्के दाखवतो, या नेहमीच्या तक्रारीत कॉम्प्रेसर सुरू होत असतानाच दोन मापे घ्यावीत. बॅटरीवर १२.४ आणि फ्रिजच्या टर्मिनलवर ११.४ असेल, तर तारा व जोड दुरुस्त करावेत. दोन्हीकडे ११.५ च्या आसपास असेल, तर वळसा घालणारी तार, खोटे १०० टक्के आणि घटलेली क्षमता हे तिन्ही याच क्रमाने तपासावेत.

बोट काही महिने उभी राहणार असेल, तर बॅटरीचे आपोआप होणारे डिस्चार्ज शंटमधून जात नाही, त्यामुळे लेड-अ‍ॅसिड बॅटरी हळूहळू उतरत असतानाही पडद्यावर निघतानाचाच आकडा राहतो. परत आल्यावर इंजिन किंवा चार्जर सुरू करण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज घ्यावे, कारण बॅटरी इतकी विसावलेली पुन्हा लवकर सापडत नाही.