कन्सोलसाठी वायफाय वाढवताय? आधी या चुका टाळा

ताईच्या फ्लॅटमध्ये फायबरचा डबा, म्हणजे राऊटर, मेन दरवाज्याच्या मागे आणि भाच्याचा पीएस४ (सोनीचा गेम कन्सोल) अगदी शेवटच्या बेडरूममध्ये, मधे दोन भिंती, पॅसेज आणि त्याच लाईनीत आईचं जुनं स्टीलचं कपाट. कन्सोलवर कधी एक काडी कधी तीपण नाही, म्हणून मी हुशारी करून एक रिपीटर (राऊटरचं वायफाय पकडून पुढे पोचवणारा छोटा डबा) आणला आणि कन्सोलच्या शेजारच्याच सॉकेटला लावला. काड्या फुल्ल! भाचा खूश, मी चहा घेऊन घरी. रात्री नऊला फोन, "मामा, समोरचा मला मारून जातो तरी माझ्या स्क्रीनवर तो अजून उभाच असतो."

आता ही चूक बहुतेक सगळेच करतात म्हणून जरा नीट सांगतो. कन्सोलवर दिसणाऱ्या काड्या म्हणजे कन्सोल ते रिपीटर एवढंच अंतर, आणि रिपीटरला राऊटर किती ऐकू येतोय ते त्या काड्या सांगतच नाहीत. जिथे नेट पोचत नाही तिथेच रिपीटर ठेवला तर तो बिचारा तेच तुटकं नेट मोठ्या आवाजात पुढे सांगणार, दुसरं काय करणार. रिपीटर मधल्या जागी पाहिजे, जिथे मोबाईलवर अजून बरी रेंज येते तिथे, आमच्याकडे ती जागा पॅसेजमध्ये निघाली, वॉशिंग मशीनच्या सॉकेटवर. शिवाय स्वस्तातला एकाच बँडवाला रिपीटर असला की तो त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणजे स्पीड साधारण अर्धा होतो, हे दुकानदार सांगत नाही.

दुसरं म्हणजे राऊटरच्या नावापुढचं ५जी. त्याचा मोबाईलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही, तो ५ गिगाहर्ट्झचा बँड आहे, वेगवान पण भिंतींना लवकर हार मानणारा, आणि २.४ लांब जातो पण त्यात अख्ख्या बिल्डिंगची गर्दी, वर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ पण तिथेच. भाच्याचा पीएस४ म्हणजे २०१३ चं पहिलं मॉडेल, त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही! मी अर्धा तास सेटिंगमध्ये ते नाव शोधत बसलो होतो. नंतरच्या स्लिम आणि प्रो मध्ये दोन्ही बँड आहेत, पीएस५ मध्ये तर वायफाय ६ आहे. २.४ वरच राहावं लागणार असेल तर राऊटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच घ्या, जो मोकळा दिसेल तो, मधला ३ किंवा ८ घेतला तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण. आणि कन्सोलला बाहेरून यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावली असेल तर ती थोडी लांब ठेवा, तिच्यामुळे २.४ वर खरंच खरखर वाढते, मला आधी ही अंधश्रद्धाच वाटायची.

जुन्या पीएस४ वाल्यांसाठी एक जुगाड. दोन्ही बँडवाला आणि लॅन पोर्ट (घरातल्या नेटची वायर लावायचं भोक) असलेला रिपीटर घ्या, राऊटरशी त्याला ५ वर जोडा आणि तिथून कन्सोलपर्यंत पाच मीटरची लॅन वायर टाका, म्हणजे कन्सोलचं स्वतःचं वायफाय वापरायचंच नाही. आमचं काम शेवटी यानेच झालं. मात्र पॅसेजपर्यंत ५ पोचत असेल तरच.

मधे एक उद्योग वेगळाच झाला होता तो पण सांगतो. घरात जुना राऊटर पडलाय ना मग रिपीटरचे पैसे कशाला, असं म्हणून मी हॉलमधून वायर ओढून ती त्या जुन्या राऊटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून येणारं नेट जिथे लावतात तिथे) खुपसली. नेट चाललं, डाउनलोड पण झकास, पण मित्रांच्या पार्टीत (कन्सोलवरच्या ऑनलाइन गप्पांच्या ग्रुपमध्ये) आवाज येईना आणि कन्सोलच्या नेटवर्क टेस्टमध्ये नॅट टाईप ३. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच पत्त्यावरून नेटवर नेणारी राऊटरची सोय, टाईप १ सगळ्यात मोकळा, २ राऊटरमागून नीट चालणारा आणि ३ सगळ्यात अडलेला. एका राऊटरमागे दुसरा राऊटर, म्हणजे डबल नॅट. तुमच्या जुन्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (राऊटरगिरी सोडून फक्त वायफाय देणं) असेल तर तोच चालू करा, विषय संपला. नसेल तर आधी त्याचा पत्ता बदला, मेन राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, मग नव्या पत्त्यावरून परत लॉगिन करून डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि वायर वॅनमध्ये नाही, लॅन पोर्टात. हा क्रम उलटा केलात की राऊटरच्या आत शिरायची मारामार होते आणि टाचणीने रिसेट करत बसावं लागतं (दोनदा बसलोय). टाईप २ आला की बास, १ च्या मागे लागू नका.

एवढं करून पण ३ च येत असेल तर मेन राऊटरच्या वॅन पेजवर आयपी (नेटवरचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर तुमच्या नेटवाल्याने अनेक गिऱ्हाईकांना एकाच पब्लिक आयपीमागे बसवलंय, मग घरी राऊटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा (बाहेरून आत यायची वाट उघडा), हलणार नाही, त्यांच्याकडे पब्लिक आयपीच मागावा लागतो.

स्पीड टेस्ट मोबाईलवर, ते पण हॉलमध्ये बसून करून "शंभर येतंय की" म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगतो, टेस्ट कन्सोलजवळ करा आणि पिंग बघा, म्हणजे निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते. १०० जीबीचा गेम उतरवायला १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास आणि ३० वर साडेसात तास, तिथे स्पीड लागतो. खेळताना फार स्पीड लागतच नाही, पिंग १५ वरून एकदम २०० वर उड्या मारत असेल तर प्लॅन वाढवून फरक पडणार नाही.

घर स्वतःचं असेल तर सरळ वायर टाका राव. वीस मीटर कॅट ६ (नेटची लॅन वायर) हजाराच्या आत येते, फक्त प्युअर कॉपर मागा, सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. इलेक्ट्रिशियन म्हणेल लाईटच्याच पाईपातून घालतो, नाही म्हणा, जुन्या केबल टीव्हीचा पाईप बहुतेक रिकामाच असतो.

आणि राऊटर इन्व्हर्टरवर असेल तर रिपीटरचं सॉकेट पण इन्व्हर्टरवर आहे ना ते बघून घ्या. ताईकडे वॉशिंग मशीनचं सॉकेट अर्थातच नव्हतं, त्यामुळे लाईट गेली की टीव्ही चालू, कन्सोल चालू, राऊटर चालू आणि भाचा गेमच्या बाहेर.