जर्मनीत घर मांडताना पहिल्या वर्षाचा खर्च कसा बसवायचा

श्टुटगार्टमध्ये आम्ही भाड्याचं पहिलं घर बघायला गेलो, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाण्याच्या दोन नळ्या आणि एक जाड वायर बाहेर आलेली होती. बाकी ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. छताला दिव्यांच्या जागी नुसत्या तारा लोंबत होत्या. ‘किचन कुठंय?’ असं विचारल्यावर घरमालकीणबाई अगदी सहज म्हणाल्या, आधीचे लोक घेऊन गेले.

जर्मनीत हे नेहमीचं आहे, पण पुण्यात बसून आम्ही जो तक्ता केला होता त्यात ‘ओटा’ असा रकानाच नव्हता. भाडं, किराणा, प्रवास, फोन असा महिन्याचा ताळमेळ घातला होता आणि तो बरोबरही होता. चुकलं ते वेगळंच. पगार महिन्याला येतो, पण खर्च महिन्याच्या चालीनं येत नाहीत. काही पहिल्या आठवड्यातच येतात, काही तिमाहीला, आणि सगळ्यात जड खर्च वर्ष उलटल्यावर टपालानं येतो. म्हणून ‘किती’ विचारण्याआधी ‘कधी’ विचारायचं आणि तक्ता महिन्याचा न करता वर्षाचा करायचा. कसा ते सांगते. आकडे आमच्या घरचे, म्हणजे नवरा, मी आणि चार वर्षांची मुलगी, मिळवणारा एक. तुम्ही तुमचे घाला.

आधी हातात येणारा पगार काढा

ऑफर लेटरवरचा आकडा ढोबळ असतो. वर्षाला ६०,००० युरो म्हणजे महिन्याला ५,००० हे खरं, पण आयकर, पेन्शन, आरोग्य, बेकारी आणि शुश्रूषा विमा कापून चौथ्या करवर्गात हातात साधारण ३,१५० उरतात. (करवर्ग म्हणजे पगारातून कर किती कापायचा हे ठरवणारे सहा गट.) आरोग्य विम्याच्या हप्त्याचा अर्धा भार कंपनी उचलते. सरकारी धाटणीच्या विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, त्यांचे वेगळे पैसे नाहीत. तेव्हा इथली कापाकापी बघून लगेच छाती पिटू नका.

नवरा-बायको दोघं इथं नोंदले गेले की चौथा वर्ग आपोआप लागतो. एकच जण कमावत असेल तर कर कार्यालयाकडे अर्ज करून तिसरा-पाचवा असा जोड घ्यायचा, म्हणजे कमावणाऱ्याला तिसरा आणि जोडीदाराला पाचवा. आमच्यासारख्या पगारात दरमहा चारशेच्या आसपास फरक पडतो. मात्र मग वर्षाचं विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं.

पहिला पगार पाहून दचकायला होऊ शकतं. तुमचा करक्रमांक टपालानं येतो, आणि तो पोचायच्या आत पगार निघाला तर काही कंपन्या सहाव्या, म्हणजे सगळ्यात कडक वर्गानं कर कापतात. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण त्या महिन्याचं भाडं तर द्यायचंच असतं. महिन्याच्या मध्यावर रुजू झालात तर पहिला पगार पुढच्या महिन्याबरोबर एकदम मिळण्याचीही शक्यता असते. एचआरला हे आधीच विचारून ठेवा.

पत्ता: याच्यावरच बाकी सगळं अडतं

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं एक पत्र लागतं. नोंदणी झाल्याशिवाय करक्रमांक नाही, आणि तो नसला की बालभत्त्याचा अर्जही पुढे सरकत नाही. पहिल्या महिन्यासाठी सामानासकटची तात्पुरती जागा घ्याल तेव्हा भाड्याइतकंच महत्त्वाचं हे विचारा: नोंदणीचं पत्र देणार का? पुष्कळ जण देत नाहीत. शंभर युरो जास्त पडले तरी पत्र देणारी जागा घ्या.

नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. वसईकर आणि गोंयकार मंडळींनी तिथं जरा थांबून विचार करावा. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत की चर्चकर सुरू होतो, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के, राज्यानुसार. द्यायचा असेल तर आनंदानं द्या, फक्त पगाराच्या चिठ्ठीवर पहिल्यांदा कळायला नको.

भाड्याची जाहिरात वाचायला शिका

जाहिरातीत दोन आकडे दिसतात. काल्टमिटे म्हणजे थंड भाडं, नुसत्या चार भिंतींचं. वार्ममिटे म्हणजे गरम भाडं, त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई यांची आगाऊ रक्कम धरलेली. आमचं थंड भाडं १,०५० आणि गरम १,३००. तक्त्यात नेहमी गरम आकडा लिहायचा. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसतं.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन थंड भाड्यांइतकं मागता येतं, म्हणजे आमच्या घराला ३,१५०. हे तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायद्यानं हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. ही गोष्ट घरमालक आपणहून सांगत नाहीत. दलालाचा खर्च २०१५ पासून ज्यानं दलाल नेमला त्यानं द्यायचा, म्हणजे बहुतेक वेळा घरमालकानं. तुमच्याकडे कोणी दलाली मागितली तर ‘नेमला कोणी?’ एवढंच विचारा.

आता ओटा. आधीचा भाडेकरू आपलं किचन विकायला तयार असतो, त्यासाठी द्यायच्या पैशांना आब्ल्योजं म्हणतात. नाही जमलं तर क्लाइनआन्त्साइगन या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर किचनं मिळतात, पण ती उचलून आणायला गाडी आणि चार हात लागतात. आम्हाला शेगडी, ओव्हन, सिंक आणि कपाटं धरून हजार-बाराशेत जमलं. मराठी मंडळाच्या गटात एक निरोप टाकला, तर दोन तरुण स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि पोह्यांवर काम करून गेले.

उतरताना किती रक्कम लागेल

आमचा हिशोब असा होता: तात्पुरत्या जागेचा एक महिना १,६००, डिपॉझिट ३,१५०, नव्या घराचं पहिलं भाडं १,३००, किचन १,२००, गाद्या, फ्रिज आणि वॉशिंग मशीन १,२००, पहिला पगार येईपर्यंतचं खाणं-फिरणं ८००. बेरीज ९,२५०. डिपॉझिट हप्त्यांनी दिलंत तर त्यातले २,१०० पुढच्या दोन महिन्यांवर ढकलता येतात. कंपनी स्थलांतराचे पैसे देणार असेल तर ते आधी हातात मिळतात की पावत्या दिल्यावर, हे लेखी घ्या. पावत्या दिल्यावर मिळणारे पैसे उतरताना उपयोगाचे नाहीत, तोवर ते खिशातूनच घालावे लागतात.

मीटरचा फोटो, आणि ६१२ युरोंचं पत्र

किल्ल्या घेताना वीज, पाणी आणि हीटिंगच्या मीटरचे फोटो काढा, तारीख दिसेल असे. ताबा घेतानाच्या कागदावर तेच आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या. प्रत्येक हीटरवर एक छोटी पांढरी डबी असते. तिच्यावरचा आकडा हाच तुमच्या थंडीचा हिशोब.

गरम भाड्यातली हीटिंगची रक्कम अंदाजाची असते. हिशोबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत घरमालक खरा खर्च मांडतो आणि फरक मागतो किंवा परत देतो. आम्हाला आलेल्या पत्रात ६१२ युरो बाकी होते. कारणं दोन निघाली. आमच्या आधी घरात एकटा माणूस राहायचा, दिवसभर बाहेर, आणि आगाऊ रक्कम त्याच्या वापरावर ठरवलेली. दुसरं कारण आम्हीच. फोडणीचा वास जावा म्हणून आम्ही खिडकी वरून तिरकी उघडी ठेवायचो आणि खाली हीटर पाचवर. सगळा हिवाळा आम्ही अंगण तापवत होतो.

तेव्हापासून इथल्यासारखं करतो. दिवसातून तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-सात मिनिटं, तेवढा वेळ हीटर बंद. मग खिडक्या घट्ट लावून हीटर तीनवर. हवा अजिबात खेळवली नाही तर कोपऱ्यात बुरशी धरते आणि तिचं भांडण डिपॉझिटपर्यंत जातं, म्हणून नुसतं दारं-खिडक्या लावून बसणंही बरोबर नाही. शिवाय करार करतानाच विचारा, आधी किती माणसं राहत होती? उत्तर ‘एक’ असेल आणि तुम्ही तिघं असाल, तर दरमहा पन्नास युरो वेगळे काढायला लागा.

विजेचंही तसंच. तुम्ही कंपनी निवडली नाही तरी दिवे लागतात, कारण भागातली मूळ पुरवठादार कंपनी आपोआप वीज देते. तिचा दर बहुधा महाग असतो. दोन आठवड्यांची सूचना देऊन तिथून बाहेर पडता येतं, ते पहिल्याच महिन्यात करा. युनिटला साधारण ३० ते ४० सेंट धरा. इथं पोळ्या, भाकरी, कुकर सगळं विजेच्या शेगडीवर. आम्ही महिन्याला ८५ भरतो.

कुणी सांगत नाही ती बिलं

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी एक पत्र येतं, रुंडफुंकबाइट्रागचं. रेडिओ-टीव्हीचं शुल्क, घरटी महिना १८.३६ युरो, बहुतेक वेळा तीन महिन्यांचं एकदम ५५.०८. ‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ हे उत्तर चालत नाही. पत्राकडे दुर्लक्ष केलंत तर राहायला आल्याच्या तारखेपासून मागची सगळी वसुली होते.

इंटरनेटचा करार बहुधा २४ महिन्यांचा असतो आणि जाहिरातीतला स्वस्त दर सुरुवातीच्या काही महिन्यांपुरता. तक्त्यात नंतरचा दर लिहा.

हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा. कुटुंबाला वर्षाला शंभरच्या आत मिळतो. किल्ली हरवल्याचं संरक्षण त्यात आहे ना, ते बघून घ्या. इमारतीच्या किल्ल्या एकाच कुलूपव्यवस्थेतल्या असतात आणि एक हरवली तर बरीच कुलपं बदलायची वेळ येते.

प्रवासाला डॉइचलांडटिकेट २०२६ पासून महिना ६३ युरो. देशभर शहरी बस, ट्राम, मेट्रो आणि लोकल गाड्या त्यात येतात, लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. काही कंपन्या सवलतीत देतात. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

जमेच्या बाजूला किंडरगेल्ड, म्हणजे बालभत्ता: २०२६ पासून प्रत्येक मुलामागे महिना २५९ युरो. ब्लू कार्डवाल्यांनाही, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्यांनाही, मिळतो, पण अर्ज करावा लागतो आणि मागचा फक्त सहा महिन्यांचाच हाती येतो. बालवाडीचा खर्च शहरागणिक बदलतो. बर्लिनमध्ये फी नाही, जेवणाचे २३ युरो. दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी उत्पन्न बघून फी लागते. आम्ही २५० धरतो.

किराणा: गुणिले शंभर बंद करा

पहिले दोन महिने मी प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीला शंभरनं गुणायचे आणि जुडी परत ठेवायचे. त्यानं बचत होत नाही, जेवण बेचव होतं. दर महिन्याला एक आकडा ठरवा आणि तो युरोतच बघा. आमचा ४५०.

कुठं काय घ्यायचं हे कळलं की तो पुरतो. दूध, लोणी, बटाटे, कांदे, तांदूळ आल्डी-लिडल या स्वस्त सुपरमार्केटांमधून. कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी, छोले, मसूर तुर्की दुकानातून. जुड्या मोठ्या असतात. भारतीय दुकानात फक्त जे दुसरीकडे मिळत नाही ते: तूरडाळ, पोहे, साबुदाणा, हिंग, आणि कणकेची दहा किलोची पिशवी. आमसुलं आणि गोडा मसाला सासूबाईंच्या पार्सलमधून. चक्का टांगायची गरज नाही. इथं क्वार्क मिळतो, तो रात्रभर फडक्यात ठेवून पिठीसाखर, केशर, वेलची घातली की पाडव्याचं श्रीखंड दोन-तीन युरोत होतं.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध विसरलात तर स्टेशनवरच्या दुकानात जास्त दर मोजा. पाण्याच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. त्या चेपू नका, दुकानातलं मशीन चेपलेली बाटली परत करतं आणि पैसे देत नाही.

आता वर्षाचा कागद

एक मोठा कागद घ्या, बारा चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात ठरलेले खर्च: आमचे भाडं १,३००, वीज ८५, फोन-इंटरनेट ६०, रेडिओ १८, दोन तिकिटं १२६, किराणा ४५०, विमा १०, बालवाडी २५०. मिळून २,२९९. जमा ३,१५० आणि २५९, म्हणजे ३,४०९. उरतात १,११०. हे शिल्लक दिसतात, पण तसे नाहीत. त्यातले ५० हीटिंगच्या पत्रासाठी, २०० भारतात जायच्या तिकिटांसाठी दरमहा वेगळ्या खात्यात टाका. ऑक्टोबरच्या चौकोनात हिवाळी बूट आणि जाड कोट लिहा, मुलीचे दरवर्षी नवे लागतात. मग पुण्यातल्या घराचा हप्ता आणि आईबाबांकडे जाणारे पैसे.

भारतातल्या बँकेला अनिवासी झाल्याचं कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. भारतातल्या मुदत ठेवींचं व्याज जर्मनीच्या विवरणपत्रात दाखवायचं असतं. एनआरई खात्यावरचं, म्हणजे परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या खात्यावरचं, व्याज भारतात करमुक्त असलं, तरी इथं नाही. हे ऐकून माझ्या नवऱ्यानं दोन दिवस तोंड वाकडं केलं होतं.

शेवटचा चौकोन पुढच्या वर्षाचा. वर्षाच्या मध्यावर आला असाल तर विवरणपत्र भराच, सक्ती नसली तरी. दरमहाचा कर तुम्ही बारा महिने एवढंच कमावणार असं धरून कापलेला असतो, त्यामुळे अर्धवट वर्षात बरेचदा परतावा निघतो. नोकरीसाठी इथं येताना स्वतःच्या खिशातून केलेला स्थलांतराचा खर्चही त्यात मांडता येतो, म्हणून विमानाची तिकिटं, सामानाचं भाडं यांच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. सक्ती नसलेलं विवरणपत्र भरायला चार वर्षांची मुदत असते. आम्ही दुसऱ्या वर्षी भरलं, आणि आलेल्या पैशांत छताच्या तारांना शेवटी दिवे लागले.