मधुमेही मुलाची नाडी आणि बीपी: घरी झोपून-उभं राहून कसं मोजायचं

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या वहीत शुगर असते, इन्सुलिनची युनिटं असतात, नाडीचा रकाना मात्र बहुधा नसतो. तो आखून घ्या. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांचं आकुंचन सांभाळणाऱ्या नसाही (मज्जातंतू) झिजू लागतात. पहिला फटका सहसा व्हेगस या लांबलचक नसेला बसतो. ती हृदयाचा ब्रेक. ब्रेक सैल झाला की निवांत बसलेल्या मुलाची नाडीही जलद राहते. निरोगी मुलाची नाडी श्वास घेताना वाढते, सोडताना कमी होते. तो चढउतारही आटत जातो. या टप्प्यावर मुलाला काहीच जाणवत नाही. उभं राहिल्यावर बीपी पडणं ही फार पुढची गोष्ट, आणि मुलांमध्ये विरळाच.

मोजायचं सुट्टीच्या सकाळी, चहा-कॉफीच्या आधी. आधी शुगर बघा. 70 च्या खाली असेल तर उपचार करा आणि त्या दिवशी चाचणी सोडून द्या. ताप, जुलाब असतील किंवा शुगर खूप चढून सारखी लघवी होत असेल, तरीही नको. मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत खेळून घामाघूम झालेल्या मुलाचे आकडे तर काहीच सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त चूक बीपी यंत्राच्या दंडावर गुंडाळायच्या पट्ट्यात होते. दुकानातल्या बहुतेक यंत्रांसोबतचा पट्टा 22 सेंटिमीटरपासून पुढच्या दंडाचा असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाचा दंड त्याहून बारीक, मग बीपी खोटंच कमी दिसतं. आतल्या रबरी फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या 80 ते 100 टक्के हवी, म्हणून टेपने दंड मोजूनच पट्टा घ्या. मनगटावरचं यंत्र नको.

मूल 5 मिनिटं आडवं, गप्प, हातात मोबाइल नाही. बीपी आणि नाडी मोजा, मिनिटभराने पुन्हा. मग उभं करा, भिंतीला न टेकता. पट्ट्याचा हात छातीच्या उंचीवर तुम्ही धरून ठेवा. लोंबता राहिला तर आकडा खोटाच जास्त येतो आणि पडलेलं बीपी झाकलं जातं. 1 आणि 3 मिनिटांनी मोजा. वरचं बीपी 20 किंवा खालचं 10 ने पडलं तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. तसंच आलं तर डॉक्टरांना सांगा. मध्येच गरगरलं तर लगेच आडवं करा, पाय उंच ठेवा आणि शुगर तपासा.

खरी मेख नाडीत आहे. समजा वरचं बीपी 112 वरून 90 झालं. नाडी 88 वरून 120 वर गेली, तर नसा आपलं काम करताहेत. बहुतेक पाणी कमी पडलंय. नाडी 92 वरच अडकली, तर नसांचा संशय घ्यायला जागा आहे. नुसतं बीपी लिहून नेणारे पालक हा निम्मा पुरावा घरीच विसरतात.

दुसरी बाजू शुगर उतरण्याची, म्हणजे 70 च्या खाली जाण्याची. वारंवार शुगर उतरली की शरीराची घंटा बोथट होते: धडधड, थरथर, घाम उशिरा येतात किंवा येतच नाहीत. ही बोथटता बऱ्याचदा निघून जाते, पण दोन-तीन आठवडे शुगर उतरू न देता काढावे लागतात. ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत फुटलेला घाम उकाड्याचा की शुगरचा, याचा अंदाज बांधू नका; मोजा. उतरली असेल तर वजनाच्या दर किलोला 0.3 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे 30 किलोच्या मुलाला 9 ग्रॅम, आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी.

दवाखान्यातला नेहमीचा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे नसा ठीक, असं नाही. त्यासाठी ईसीजी चालू ठेवून मिनिटाला 6 दीर्घ श्वास घ्यायला लावतात (5 सेकंद आत, 5 सेकंद बाहेर) आणि ठोक्यांतला फरक मोजतात. मोठ्यांचे निकष मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. स्मार्टवॉचवर दिसणाऱ्या आकड्यांवरून निदान तर मुळीच नको. नसांसाठीची जोर लावून फुंकायची चाचणी घरी करू नका, डोळ्यांच्या पडद्याला त्रास असेल तर अजिबातच नाही.

झिजलेली नस परत आणणारी गोळी नाही. शुगर सांभाळल्याने झीज मंदावते. अमेरिका-कॅनडात 1983 ते 1993 चाललेल्या डीसीसीटी या टाइप १ मधुमेहावरच्या मोठ्या अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये हा त्रास कमी आढळला. त्या अभ्यासात 13 वर्षांपासूनची मुलं होती. मात्र काटेकोरपणाच्या नादात शुगर सारखी उतरू लागली तर डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या.

मधुमेहाला 5 वर्षं झाली आणि मूल 10 वर्षांचं झालं किंवा वयात येऊ लागलं, की पायांच्या नसांची तपासणी दरवर्षी करून घ्यायची असते. त्या भेटीला वही न्या: झोपून आणि उभं राहून घेतलेले दोन-तीन दिवसांचे आकडे, त्या वेळची शुगर आणि पट्ट्याचं माप.