पाटीसाठी अरुंद फॉन्ट वापरताय? या चुका टाळा

पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की दापोलीपासून कुडाळपर्यंत फ्लेक्सवाल्यांकडे रांग लागते. 'समुद्रकिनाऱ्यालगत घरगुती निवास' हे सगळं एका ओळीत हवं आणि महामार्गावरून गाडीतल्या माणसाला वाचताही यायला हवं. अशा पाटीला एकसारख्या जाडीचा, भौमितिक वळणाचा अरुंद फॉन्ट शोभतो. पण होतं काय, हाताशी असलेला फॉन्टच दोन्ही बाजूंनी दाबला जातो.

यासारखी नासाडी दुसरी नाही. अक्षर आडवं दाबलं की काना आणि उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेखा मात्र होती तेवढीच जाड राहते. लांबून मग नुसती वरची पट्टी दिसते. मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्या. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'टेको' आणि 'खंड' आहेत; 'एक टाइप' या संस्थेच्या 'अनेक देवनागरी' या फॉन्टमध्ये तर रुंदी हवी तशी कमी-जास्त करता येते. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात, धंद्यासाठीही चालतात.

सगळ्यात जाड वजन, म्हणजे फॉन्टमधला सगळ्यात ठळक प्रकार, लगेच उचलू नका. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक डोक्यावरच्या छोट्या गाठीचा आणि शिरोरेखेतल्या फटीचा. अरुंद अक्षरात ती फट आधीच चिमूटभर असते. जाडी वाढली की ती बुजते आणि 'भाकरी'ची 'माकरी' होते. एक पायरी खालचं वजन घ्या, प्रिंट भिंतीला लावा आणि रस्त्यापलीकडून वाचून बघा.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोहही टाळा. रोमन लिपीत ते छान दिसतं, आपल्याकडे शिरोरेखा तुटते.

मराठी मजकूर भलत्याच वळणाचा दिसतोय? मग त्या फॉन्टमध्ये देवनागरी नसणार. बेबस नोय याचं नेहमीचं उदाहरण. अक्षरं नसली की संगणक परस्पर दुसरा फॉन्ट लावतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी चुकीच्या जागी पडत असेल, जोडाक्षरं सुटत असतील, तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. 'किनाऱ्या'चं 'किनार्या' झालं असेल तर दोष टायपिंगचा: तिथे साधा 'र' नको, 'ऱ' हवा.

मेन्यूकार्डावरच्या बारीक ओळींना हा फॉन्ट लावू नका, तिथे 'मुक्त' नावाचा फॉन्ट बरा. छपाईला देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांमध्ये, बदला, पण शुद्धलेखन तपासून झाल्यावरच, आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. दर बदलले की तीच लागते.