फ्रॅगवरचं शेवाळ काढायला बसण्याआधी

समुद्री टँकमधल्या फ्रॅगवरचं, म्हणजे प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटवलेल्या कोरलच्या तुकड्यांवरचं, शेवाळ काढायचं तर खारं पाणी आदल्या रात्री तयार करून ठेवा. बाकीची यादी पुढे येतेच, पण ही ओळ सगळ्यांत आधी. गेल्या खेपेला नेमकं हेच राहिलं होतं आणि त्यापायी पुढचं सगळं बिघडलं. ब्रश होता, चिमटे होते, नवे प्लग होते, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, फक्त पाणी नव्हतं.

किती लागतं ते आधी बघा. टँक २०० लिटरचा आणि फ्रॅग दहा-बारा धरू. घासायच्या टबात ३ लिटर, ते मध्ये एकदा बदलायचं, म्हणजे ६. डिपला (पेरॉक्साइडच्या पाण्यात बुडवायला) १, पहिल्या धुण्याला ३, दुसऱ्या धुण्याला ३, धुतलेले फ्रॅग थांबवायला ४. एकूण १७ लिटर, आणि हे सगळं टँकमधूनच काढायचं, कारण त्याचं तापमान आणि खारटपणा कोरलला सवयीचा असतो. आता एवढं काढलं की तेवढंच परत भरायला हवं. भरायला काही नसेल तर हात आखडतो, पाच-सहा लिटरवर भागवलं जातं, दुसरं धुणं गाळलं जातं आणि पेरॉक्साइड लागलेले फ्रॅग शेवाळाच्या तुकड्यांसकट टँकमध्ये परत जातात. त्याहून वाईट म्हणजे सम्पची (टँकखालच्या टाकीची) पातळी खाली गेलेली पाहून ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याची भर आपोआप घालणारा पंप) चालू होतो आणि गोडं पाणी ओतत राहतो. १७ लिटर खाऱ्याच्या जागी १७ लिटर गोडं गेलं तर ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) ३२ होतं. म्हणून ३० लिटर खारं पाणी तयार हवं, २० भरायला आणि १० हाताशी. तेही आदल्या रात्रीच, सकाळी उठून नाही.

मिठाच्या आधी आरओ पाण्याची वेळ धरा, म्हणजे काम रविवारी असेल तर सुरुवात शनिवारी दुपारी. ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) मेम्ब्रेन कागदावर तासाला बारा लिटर देते, पण घरातल्या कमी दाबाला, बूस्टर पंप नसेल तर, त्याहून कमीच मिळतं. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी घेऊ नका. त्यातला टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळतो, त्यातून शेवाळाला खत मिळतं. मेम्ब्रेननंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं) हवं आणि मीटरवर ० दिसायला हवा. सुरुवातीची चार-पाच मिनिटं सोडून द्या, बंद पडून राहिलेल्या मेम्ब्रेनमधून पहिलं पाणी जास्त टीडीएसचं येतं. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी मीटर रोज बघावा. टाकीत महापालिकेचं पाणी आणि टँकरचं पाणी एकत्र येतं, टँकर बोअरचा असेल तर आत जाणारा टीडीएस एकदम चढतो आणि रेझिन ठरल्यापेक्षा फार लवकर संपतं. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या शटडाऊनची सूचना आहे का तेही शुक्रवारीच पाहून ठेवा.

मीठ (रीफ टँकसाठी मिळतं ते) मोजायचं वजनकाट्यावर, कपाने नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघडलेल्या पिशवीतलं मीठ ओल धरतं, गोळे होतात आणि कपाचा अंदाज चुकतो. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे ३० लिटरला ११०० ग्रॅमच्या आसपास. ब्रँडप्रमाणे थोडं पुढे-मागे होतं, पिशवीवर बघा. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. तळाशी मीठ दाट झालं की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी एकमेकांना धरून पांढरा साका बसतो, तो पुन्हा विरघळत नाही. पंप रात्रभर फिरू दे. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने खारटपणा मोजा, पण तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावून घेतलेला असावा. शून्याला बरोबर दाखवणारा मीटर पस्तीसला चुकू शकतो. आणि जुळवायचं आपल्या टँकच्या आकड्याशी. टँक ३४ वर असेल तर ३४.

तापमानही रात्रीच जुळतं. मे महिन्यात बाथरूममधली बादली सहज तिशीच्या वर जाते आणि चिलरवरचा टँक २६ अंशांवर असतो. बादली एसीच्या खोलीत ठेवा. थंडीत हीटर टाका. आदल्या रात्री केलेलं असेल तर हे सगळं आपोआप होतं. सकाळी केलेलं असेल तर मीठ विरघळायची वाट बघत घड्याळाकडे पाहत बसावं लागतं आणि शेवटी अर्धवट विरघळलेलं गढूळ पाणीच ओतलं जातं. भाईंदरकडच्या मिठागरातलं जाडं मीठ किंवा किराण्यातलं मीठ चालणार नाही, ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. खाडीचं पाणी आणायचा विचार तर मनातही आणू नका, ठाण्याच्या खाडीत शहराचं आणि कारखान्यांचं सांडपाणी येतं.

शेवाळ कुठलं आहे ते ब्रश हातात घेण्याआधी ठरवा, कारण प्रत्येकाला घासणं हा उपाय नाही. प्लगच्या कडेला मऊ हिरवे केस असतील तर ही यादी त्यांच्यासाठीच आहे. लालसर मरून चिकट पापुद्रा, जो सिरिंजने पाणी मारलं की चादरीसारखा उठतो, तो सायनोबॅक्टेरिया. तिथे प्रवाह वाढवा आणि शोषून काढा. तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यात अडकलेले बुडबुडे, रात्री कमी आणि दुपारी पुन्हा जास्त, हे डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) असण्याची शक्यता मोठी. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलेल्या टँकमध्ये ते बऱ्याचदा दिसतात, तेव्हा फॉस्फेट शोषणारं जीएफओ घालाल तर आणखी फोफावतील. पिसासारखी दोन्ही बाजूंनी फुटलेली गर्द हिरवी पाती म्हणजे ब्रायोप्सिस. ते घासून जात नाही, मुळाशी राहिलेल्या कणातून परत येतं. त्यावर फ्लुकोनाझोल वापरतात, लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे, फिल्टरमधला कार्बन काढून. ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं आहे आणि तो सगळा वेगळा कार्यक्रम आहे, इथे घुसडू नका. चकचकीत हिरवे फुगे म्हणजे व्हॅलोनिया. ते टँकबाहेर, चिमट्याने, न फोडता, बुडासकट काढायचे. गुलाबी-जांभळा कडक थर कोरलाइन शेवाळाचा आहे, तो राहू द्या.

झोआ आणि पॅलीथोआ (बटणांसारखे मऊ कोरल) यांच्यासाठी एक गोष्ट नीट ऐका. त्यांच्यात पॅलीटॉक्सिन असू शकतं आणि ते माणसाला खरोखर घातक आहे. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांना पूर्ण झाकणारा गॉगल, दोन्ही घाला. चष्मा पुरत नाही, ब्रशचे केस सुटले की शिंतोडा बाजूने येतो. हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी काम करू नका. प्लग किंवा दगड स्वच्छ करायला उकळू नका, गरम पाणी ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. वाफेतून विष श्वासात गेल्याने घरातली सगळी माणसं रुग्णालयात पोचल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. स्वयंपाकघराच्या सिंकवर हे काम करायचं नाही. लहान मुलं आणि मांजर दुसऱ्या खोलीत.

आता पेरॉक्साइड. परदेशी कृतींत ३ टक्के धरलेलं असतं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी बाटली बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते, तिच्यावर २० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. ३ टक्क्यांची असेल तर १० व्हॉल्यूम. लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. एक लिटर डिपसाठी ३ टक्क्यांचं १०० मिली आणि टँकचं पाणी ९०० मिली, ६ टक्क्यांचं असेल तर ५० मिली आणि ९५०. पाच मिनिटं, मोबाइलवर टायमर लावून. बाटली जुनी असेल तर नवी घ्या, उघडल्यावर तिचा जोर कमी होत जातो. झोआ आणि मशरूम कोरल साधारणपणे हे सोसतात. झेनिया हा मऊ कोरल सोसत नाही, कोळंबीला तर हे अजिबात चालत नाही, म्हणून फ्रॅगच्या खाचेत एखादी लपलेली नाही ना हे बघून घ्या. नवीन जातीचा फ्रॅग असेल तर आधी एकच बुडवा आणि चोवीस तास थांबा. घाईत सगळे एकदम बुडवून मग पस्तावण्यात काही अर्थ नाही.

फ्रॅग कठीण पोवळ्याचा असेल तर त्याचे कागद घरात असू द्या. सगळी कठीण पोवळी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्याचे कागद नाहीत तो फ्रॅग विकत घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

बाकी सामान थोडक्यात. पाच टब, पांढरे, कधीही साबण न लागलेले, बाहेरून मार्करने १ ते ५ लिहिलेले. लहान मुलांचे मऊ ब्रश दोन. वाकड्या टोकाचा चिमटा. दाताच्या डॉक्टरांकडे असतं तसं टोकदार खरवडणं. ५० मिलीची सिरिंज. हाडं कापायच्या कात्रीसारखं फ्रॅग कटर. सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद (सुपरग्लू), पण जेल, पातळ नको, ओला प्लग असला की पातळ गोंद ओघळून थेट पॉलिपवर (कोरलच्या जिवंत तोंडांवर) जातो. जुने टॉवेल. आणि ३० लिटर खारं पाणी, जे आदल्या रात्री झालेलं आहे. झालेलं नसेल तर इथेच थांबा आणि काम पुढच्या रविवारवर ढकला. एका आठवड्याने काही फार बिघडत नाही.

सकाळी टँकचे दिवे लागायच्या आधी सुरू करा, पॉलिप मिटलेले असतात. ऑटो टॉप-ऑफचा प्लग काढा, नुसतं बटण नाही, प्लग. मग सम्पमधून टँकमध्ये पाणी चढवणारा रिटर्न पंप बंद. टब भरा. फ्रॅग टँकमध्येच घासू नका, एकेक तुकडा प्रवाहाबरोबर दुसऱ्या प्लगवर जाऊन रुजतो. टब १ मध्ये फ्रॅग पाण्याखाली धरून घासा, शेवाळाचे केस मुळाशी धरून, कोरलच्या मांसापासून बाहेरच्या दिशेने. प्लग आणि कोरल यांच्यामधल्या गोंदाच्या रेषेकडे नीट बघा. बाहेरून साफ दिसणाऱ्या प्लगवर त्या रेषेत दोन-तीन मिलिमीटरचे हिरवे अंकुर चिकटलेले असतात, ब्रश तिथे पोचत नाही, खरवडण्याचं टोकच लागतं. ते राहिले तर दहा दिवसांत होतं तसंच. प्लग सगळाच माखलेला असेल तर त्याच्याशी झटत बसू नका, कापून नव्या प्लगवर लावा आणि जुना फेकून द्या.

टब २ डिपचा. पाण्यात टाकल्याबरोबर शेवाळावर बारीक पांढरे बुडबुडे चढायला लागतात, कोरलवर कमी, केसांवर जास्त, त्यावरूनच कुठे काय उरलंय ते कळतं. पाच मिनिटं झाली की टब ३, सिरिंजने मारून. मग टब ४, पुन्हा तसंच. हे दुसरं धुणं गाळू नका. ते गाळलं जातं ते फक्त पाणी कमी पडलं म्हणून, आणि पाणी कमी पडतं ते आदल्या रात्री केलं नाही म्हणून. शेवटी टब ५ मध्ये थांबू द्या, वीस मिनिटांपेक्षा जास्त नको, टब लवकर तापतो. टबांतलं पाणी शौचालयात ओता, टँकमध्ये एक थेंबही परत नाही.

फ्रॅग बाहेर असताना रॅक काढून घासा, तळाचा गाळ सायफनने ओढून घ्या. तेही पाणी मोजा, त्याच्यासाठीच हाताशी १० लिटर आहेत. खारं पाणी भरा, पातळी खुणेपर्यंत आणा, खारटपणा मोजा, मगच टॉप-ऑफ लावा. नवा कार्बन. फिल्टर सॉक बदला, तीन दिवसांनी परत.

झोआ दोन-तीन दिवस मिटून राहतील, हात लावू नका. उरलेलं शेवाळ पांढुरकं पडून गोगलगायी ते खातील. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएममध्ये ठेवा, शून्यावर नेऊ नका. जीएफओ घालायचं तर निम्म्या मात्रेने सुरू. दिवे आठ तास. फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन. रॅकमागे पाणी हलत नसेल तर पंप वळवा. दहाव्या दिवशी गोंदाच्या रेषा तपासा, कुठे हिरवं दिसलं तर तेवढाच फ्रॅग पुन्हा काढा. एका फ्रॅगला पाच-सहा लिटर पुरतं, आणि तेही आदल्या रात्री.